आरसा कोणाच्या घरचा?

किशोरवयीन मुलींना स्वतःचे शरीर कसे दिसते, हे केवळ त्यांच्या डोळ्यांवर अवलंबून नसते. घर, गल्ली, जात, मिळकत आणि लग्नाचा बाजार हे सगळे त्या आरशामागे उभे असतात.

जिल्ह्याच्या गावातली एक जुनी अनुदानित शाळा. वर्षातून एकदा तिथे आरोग्य तपासणी होते. माझी एक डॉक्टर मैत्रीण ती करते आणि नोंदवही लिहायला हक्काचे माणूस म्हणून मला सोबत नेते. उंची, वजन, डोळे, दात आणि बोटातून थेंबभर रक्त घेऊन हिमोग्लोबिन, एवढाच कार्यक्रम. दोन वर्षांपूर्वी नववीच्या मुलींची रांग लागली होती.

एक मुलगी काट्यावर चढली. ४७ किलो. तिने वाकून आकडा पाहिला, खाली उतरली, बूट काढले, मनगटावरचे घड्याळ काढले आणि म्हणाली, ‘‘मॅडम, परत घ्या ना. सकाळी घरी पंचेचाळीस होतं.’’ तिच्या वडिलांचा बांधकामाचा व्यवसाय. घरी वजनाचा काटा आहे आणि तो रोज वापरात आहे, हे त्या एका वाक्यावरून कळले.

तिच्यामागची मुलगी वजनाकडे पाहायलाच तयार नव्हती. तिचा जीव उंचीत अडकला होता. १४९ सेंटिमीटर. ‘‘दीडशे लिहिलं तर चालेल ना? आई म्हणते, दीडशेच्या आत राहिलीस तर पुढे अवघड जाईल.’’ काय अवघड जाईल, हे मला विचारावे लागले नाही. वडील सहकारी पतपेढीत कारकून, घरात दोन बहिणी.

तिसरीचे वजन ३६ किलो भरले. आकडा पाहून ती खुदकन हसली. ‘‘यंदा दोन किलो वाढलं. आईला सांगते.’’ तिची आई चार घरची धुणीभांडी करते.

तीन मुली, एक इयत्ता, एक काटा. पण काट्याने तिघींना तीन वेगळ्या गोष्टी सांगितल्या. गंमत पुढेच होती, आणि ती फारशी गमतीची नव्हती. हिमोग्लोबिन बाराच्या खाली गेले की डॉक्टर त्याला रक्तक्षय म्हणतात. तिसरीचे ९.८ निघाले, यात नवल नव्हते. पहिलीचे १०.४ निघाले. ‘‘एकीला मिळत नाही आणि एक खात नाही,’’ मैत्रीण म्हणाली, ‘‘वहीत शेरा मात्र दोघींपुढे एकच पडतो.’’

त्या दिवसापासून हा विषय माझ्या डोक्यात घोळतो आहे. वयात येणाऱ्या मुली आरशासमोर फार वेळ घालवतात, अशी आपली तक्रार असते. पण त्या आरशात मुलीला जे दिसते ते तिथे कोणी आणून ठेवले, याचा विचार आपण करतो का?

खात्यापित्या घरची

आपले शरीर कसे आहे, कसे असायला हवे होते आणि इतरांना ते कसे दिसत असेल, याचे जे चित्र आपण मनात बाळगतो त्याला मानसशास्त्रात देहप्रतिमा म्हणतात. हे चित्र लहानपणापासून तयार होत असते. पण दहा ते अठरा या वयात ते झपाट्याने पक्के होते. कारण याच वयात शरीर बदलते आणि याच वयात लोक त्या बदलाविषयी बोलू लागतात. शरीर मुलीचे असते, शब्द मात्र लोकांचे असतात.

हे शब्द सगळीकडे सारखे नसतात. जेफरी सोबल आणि अल्बर्ट स्टंकार्ड या दोन अमेरिकन संशोधकांनी १९८९ मध्ये जगभरातले १४४ अभ्यास एकत्र करून एक साधी पण महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली. गरीब देशांत ज्या बायका जास्त संपन्न घरातल्या, त्या अंगाने जास्त भरलेल्या असतात. श्रीमंत देशांत नेमके उलटे. तिथे संपन्न घरातल्या बायका सडपातळ आणि गरीब घरातल्या स्थूल. याचा अर्थ उघड आहे. जिथे अन्नाची टंचाई असते, तिथे भरलेले अंग ही सुबत्तेची खूण ठरते. जिथे अन्न मुबलक असते, तिथे ते नाकारण्याची ऐपत ही खूण ठरते.

आपल्या भाषेत या पहिल्या जगाच्या खुणा जागोजागी आहेत. ‘खात्यापित्या घरची दिसते’ हे कौतुक होते. ‘अन्न अंगी लागले’, ‘बाळसे धरले’, ‘अंगाने भरली’ ही सारी आनंदाने उच्चारायची वाक्ये. सासरहून पहिल्यांदा माहेरी आलेली मुलगी वाळलेली दिसली की आईच्या पोटात कालवत असे. आता त्याच घरातली नात अंगाने भरली तर आजी अजूनही खूश होते आणि आई लगबगीने तिच्या ताटातला भात कमी करते. ‘हिने किती छान मेन्टेन केलंय’ हे नव्या जगाचे कौतुक आहे. एका घरात, एकाच मुलीच्या ताटावर ही दोन जगे भांडत असतात.

राज्याचे आकडेही हेच सांगतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी २०.८ टक्के स्त्रियांचे वजन उंचीच्या मानाने कमी आढळले, तर २३.४ टक्के स्त्रियांचे प्रमाणाबाहेर. दोन्ही बाजूंचे पारडे जवळजवळ सारखे. आणि १५ ते १९ या वयाच्या मुलींमध्ये रक्तक्षयाचे प्रमाण ५७.२ टक्के. म्हणजे शंभरातल्या सत्तावन्न मुलींच्या अंगात पुरेसे रक्त नाही. अशा राज्यात मुलींना जेवणाविषयी अपराधी वाटायला लावणे ही साधी फॅशन राहत नाही.

सडपातळपणाची किंमत

१९९१ नंतर उपग्रह वाहिन्या घरात आल्या. १९९४ मध्ये सुश्मिता सेन विश्वसुंदरी आणि ऐश्वर्या राय जगत्सुंदरी झाली, आणि पुढच्या सहा वर्षांत डायना हेडन, युक्ता मुखी, लारा दत्ता, प्रियांका चोप्रा अशी रांगच लागली. १९९६ मध्ये बंगळुरूला जगत्सुंदरी स्पर्धा भरली तेव्हा रस्त्यावर मोर्चे निघाले होते. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या संघटना विरोधात होत्या. स्पर्धा पार पडली, मोर्चे विस्मरणात गेले. तालुक्याच्या गावापर्यंत ब्यूटी पार्लर पोहोचले आणि महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनात ‘रॅम्प’ आला.

दूरचित्रवाणीने हे सगळे केले, असे म्हणणे सोपे आहे. फिजी बेटांवरचा एक अभ्यास मात्र यापुढे नेतो. फिजीत धष्टपुष्ट शरीराला मान होता. वजन उतरले की ‘हिच्याकडे घरचे लक्ष देत नाहीत’ असे लोक म्हणत. नाद्रोगा भागात १९९५ मध्ये दूरचित्रवाणी आली. हार्वर्डच्या अ‍ॅन बेकर यांनी तिथल्या शाळकरी मुलींची त्याच वर्षी आणि पुन्हा १९९८ मध्ये पाहणी केली. वजन कमी करण्यासाठी मुद्दाम उलटी काढणारी एकही मुलगी १९९५ मध्ये नव्हती. तीन वर्षांनी हे प्रमाण ११.३ टक्क्यांवर गेले होते. आपण फार जाड आहोत असे कधी ना कधी वाटते, असे ७४ टक्के मुलींनी सांगितले.

पण बेकर यांनी या मुलींशी जे बोलणे केले ते आकड्यांहून अधिक बोलके आहे. या मुलींना केवळ सुंदर व्हायचे नव्हते. पडद्यावरच्या सडपातळ बायकांना नोकऱ्या होत्या, पैसा होता, स्वतःचे आयुष्य होते. बेटावरून बाहेर पडण्याची ती वाट होती आणि त्या वाटेचे दार अरुंद आहे, असे मुलींना वाटले होते. देहाच्या इच्छेमागे वर्ग बदलण्याची इच्छा होती.

आपल्याकडे काय वेगळे आहे? उच्चभ्रू घरातली सडपातळ मुलगी ही निसर्गाची देणगी नसते. तिच्यामागे घरचा स्वयंपाकी, टेनिसचा क्लास, पोहण्याचा तलाव, दातांच्या तारा आणि त्वचेचा डॉक्टर असतो. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बूर्द्यू यांनी १९७९ मध्येच दाखवले होते की माणूस काय खातो, कसा चालतो, कसा बसतो यातून त्याचा वर्ग बोलत असतो. पैसा खर्चून कमावलेली गोष्ट शेवटी जन्मजात वाटू लागते, हीच त्यातली मेख. कारकुनाच्या मुलीपुढे तोच साचा ठेवला जातो. साधने मात्र दिली जात नाहीत. मग तिच्या हातात एकच उपाय उरतो. न जेवणे. त्याला पैसे लागत नाहीत.

उजळ माथा

मध्यमवर्गात, विशेषतः निम्न मध्यमवर्गात वजनापेक्षा जुना आणि चिवट प्रश्न रंगाचा आहे. आपण प्रामाणिक माणसाला ‘उजळ माथ्याने’ चालायला सांगतो आणि अब्रू घालवणाऱ्याचे ‘तोंड काळे’ झाले म्हणतो. भाषेनेच जिथे रंग आणि पत यांचे लग्न लावून दिले आहे, तिथे चौदा वर्षांच्या सावळ्या मुलीने कोणत्या शब्दांत स्वतःचा विचार करावा?

हिंदुस्थान लिव्हरने ‘फेअर अ‍ॅन्ड लव्हली’ १९७५ मध्ये बाजारात आणली. तिच्या आधी आपल्या घरात साय-हळद आणि डाळीचे पीठ होतेच. क्रीमने एक नवी गोष्ट केली. गोरेपणाचा संबंध लग्नाबरोबर नोकरीशीही जोडला. मुलगा हवा होता असा सुस्कारा टाकणारे वडील, क्रीम लावून हवाई सुंदरी झालेली मुलगी आणि मग घरात आलेला पैसा, अशी एक जाहिरात अनेकांना आठवत असेल. महिला संघटनांच्या विरोधानंतर २००३ मध्ये ती मागे घ्यावी लागली. पण पाच-दहा रुपयांच्या पुडीत क्रीम मिळू लागल्यावर ती पत्र्याच्या खोलीतही पोहोचली होती. २०२० मध्ये अमेरिकेतल्या वंशभेदविरोधी आंदोलनाची झळ लागली तेव्हा नावातले ‘फेअर’ जाऊन ‘ग्लो’ आले. त्याच वर्षी एका मोठ्या विवाह संकेतस्थळाने रंगानुसार स्थळे निवडण्याची सोय काढून टाकली. नाव गेले, सोय गेली. कांदेपोह्यांच्या बैठकीतली नजर गेली का?

ही नजर पाठ्यपुस्तकातही शिरली होती. २०१७ च्या फेब्रुवारीत बारावीच्या समाजशास्त्राच्या पुस्तकातला एक परिच्छेद गाजला. मुलगी कुरूप किंवा अपंग असेल तर लग्न जमायला अडचण येते आणि वरपक्ष जास्त हुंडा मागतो, असे हुंड्याच्या कारणांत सांगितले होते. ओरड झाल्यावर मंडळाने तो भाग वगळायचे ठरवले. मला मात्र तो परिच्छेद लिहिणाऱ्यापेक्षा तो वाचून परीक्षेत मुद्देसूद उत्तर लिहिणाऱ्या मुली आठवत राहतात. त्या उत्तराला गुण मिळत होते. आपल्याविषयीचा अपमान पाठ करून त्या पास होत होत्या.

जातीचा मुद्दा इथे टाळून चालणार नाही. रंगावरून जात ओळखण्याची सवय आपल्या म्हणींत आहे आणि मनांतही. म्हणून ‘सावळी’ हा शब्द एका घरात कौतुकाचा होतो आणि दुसऱ्या घरात टोमण्याचा. वरच्या जातीतल्या सावळ्या मुलीला ‘रंग सावळा आहे, पण नाकीडोळी नीटस’ असे म्हणतात. तिच्या रंगाला एक ‘पण’ तरी मिळतो. दलित मुलीचा रंग नुसता रंग राहत नाही, तो पुरावा होतो. आणि ती उजळ असेल तर? ‘तू त्यांच्यातली वाटत नाहीस’, असे वर्गातली मैत्रीण निरागसपणे सांगते. हे कौतुक म्हणून म्हटलेले असते. एका वाक्यात त्या मुलीचे रूप नावाजले जाते आणि तिच्या आईचे, मावशीचे, आजीचे नाकारले जाते. घरी गेल्यावर तिने कोणाच्या चेहऱ्याकडे कसे पाहावे?

या नजरेचा परिणाम आरोग्यावरही होतो. गरोदरपणात लोहाच्या गोळ्या घेतल्या तर मूल काळे होते, हा समज आरोग्यसेविकांना आजही खोडून काढावा लागतो. रंगाची भीती अशी पोटातल्या बाळापर्यंत पोहोचते आणि रक्तक्षयाची साखळी आईकडून मुलीकडे चालू राहते.

अंग चोरण्याचे वय

गरिबांच्या मुलींना असली दुखणी परवडत नाहीत, असा एक गोड गैरसमज सुखवस्तू घरांत असतो. तो खरा नाही. त्यांचे दुखणे वेगळे असते, इतकेच.

कष्टकरी घरात शरीर हे आधी अवजार असते. ऊसतोडीचे उदाहरण घ्या. मुकादम उचल देतो ती माणसाला नाही, ‘कोयत्या’ला, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुलगी हाडापेराने मोठी झाली की ती अर्धा कोयता होते. तिच्या लग्नाची घाई होण्याचे हेही एक कारण आहे. महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या ज्या स्त्रिया आहेत, त्यांतल्या २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा पूर्ण होण्याआधी झालेले होते, असे याच पाहणीत आढळले. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर आलेल्या माहितीनुसार, ८२ हजारांवर स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांवर ही शस्त्रक्रिया झाली होती. आपल्या आईच्या शरीराचा हिशेब असा खाडे आणि मजुरीत होताना पाहिलेल्या मुलीची देहप्रतिमा कशी घडेल? शरीर दिसते कसे, हा तिचा पहिला प्रश्न नसतो. शरीर किती दिवस पुरेल, हा असतो.

आणि दुसरा प्रश्न असतो, त्याच्याकडे कोण पाहते? ‘मोठी दिसायला लागली’ हे वाक्य गावात कौतुकाने म्हटले जात नाही. ते इशारा म्हणून म्हटले जाते. शाळा चार किलोमीटरवर, वाट उसातून, एसटी वेळेवर येईल याचा भरवसा नाही. लवकर वयात आलेल्या मुलीचे अंग हीच तिच्या शिक्षणातली अडचण ठरते. म्हणून ती पोक काढून चालू लागते, उन्हाळ्यातही ओढणी घट्ट लपेटून घेते, लंगडी आणि खो-खो सोडून देते. शहरातली मुलगी आपले शरीर बारीक व्हावे म्हणून झटते आणि ही मुलगी आपले शरीर दिसूच नये म्हणून. दोघीही कमी जागा व्यापायला शिकत असतात.

सगळ्यांच्या हातात एकच पडदा

गेल्या काही वर्षांत या वेगवेगळ्या आरशांवर एक नवा आरसा चढला आहे. २०१६ नंतर मोबाइलवरचे इंटरनेट स्वस्त झाले आणि बिल्डरची मुलगी, कारकुनाची मुलगी आणि धुणीभांडी करणाऱ्या बाईची मुलगी एकाच पडद्यात पाहू लागल्या. यात काही चांगलेही घडले. २०२० मध्ये बंदी येईपर्यंत टिकटॉकवर शेतात नाचणाऱ्या, चुलीपुढे गाणाऱ्या मुली दिसत होत्या. त्यांच्या रूपाला मासिकाच्या मुखपृष्ठावर कधी जागा मिळाली नसती; पण इथे त्यांनी ती कोणाला न विचारता घेतली.

पण याच पडद्यात एक फिल्टर बसवलेला असतो. बोट लावले की रंग उजळतो, नाक सरळ होते, हनुवटी निमुळती होते. म्हणजे आता मुलगी नटीशी नव्हे, स्वतःच्याच दुरुस्त केलेल्या छबीशी तुलना करते आणि तिच्यापुढे हरते. २०२१ मध्ये इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीची अंतर्गत कागदपत्रे अमेरिकेत बाहेर आली. आपल्या शरीराविषयी वाईट वाटत असताना इन्स्टाग्राममुळे ते आणखी वाईट वाटले, असे ३२ टक्के किशोरींनी कंपनीच्याच पाहणीत सांगितले होते. कंपनीला हे ठाऊक होते.

पडदा एक असला तरी त्याची झळ सारखी नसते. पहिलीची आई तिला समुपदेशकाकडे नेऊ शकते. दुसरीची आई मोबाइल काढून घेते. तिसरीच्या घरी मोबाइल एकच असतो, तो भावाच्या हातात असतो आणि तिची छबी कोणाकोणाला दाखवायची हेही तोच ठरवतो.

दुसरा आरसा

सामाजिक पार्श्वभूमी मुलीला फक्त दुबळी करते असे नाही. ती तिला राखतेही. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात शीला पार्कर, मिमी निक्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘आदर्श मुलगी कशी?’ असे विचारल्यावर गोऱ्या मुलींनी उंची, वजन, केस यांचे मापच सांगितले. कृष्णवर्णीय मुलींनी वागण्याबोलण्याविषयी सांगितले. ती स्वतःला कशी घेऊन चालते, जे आहे त्याचा उपयोग कसा करते, हे त्यांना महत्त्वाचे वाटत होते. आपल्या शरीरावर त्या बऱ्याच अधिक खूश होत्या. या मुलींना जगात अपमान कमी सोसावे लागत होते, असे नाही. पण घरी, वस्तीत, बायकांच्या बोलण्यात त्यांना एक वेगळा आरसा मिळत होता.

असे आरसे आपल्याकडेही आहेत. स्मिता पाटील सावळी होती. दूरदर्शनच्या पडद्यावर बातम्या वाचणारा तो चेहरा पुढे मराठी माणसाच्या अभिमानाचा विषय झाला. पण ती राजकारण-समाजकारण करणाऱ्या घरातली, राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारात वाढलेली मुलगी होती. आपल्या रंगाची माफी मागायला तिला कोणी शिकवले नव्हते. ‘सैराट’ (२०१६) मधली आर्ची बुलेटवरून येते तेव्हा चित्रपटगृहात शिट्ट्या वाजल्या. तिचा तो ठसका पाटलाच्या वाड्यातून आलेला आहे. वाडा सुटतो, परक्या शहरातल्या झोपडपट्टीत संसार मांडावा लागतो, तेव्हा त्याच मुलीच्या खांद्यांची ठेवण बदलते. रूप तेच असते. पाठीशी उभे असलेले घर गेलेले असते.

वाडा सगळ्यांना मिळत नाही. मैदान मिळू शकते. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर धावून कांस्यपदक घेऊन आली, तेव्हा लोकांनी तिला ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ म्हटले. आदिवासी मुलीला नाव मिळाले ते तिच्या पायांच्या कामावरून. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताच्या मुली जिंकल्या. त्यांची कर्णधार प्रियांका इंगळे महाराष्ट्राची. खेळणाऱ्या मुलीला आपले शरीर कसे दिसते याआधी ते काय करू शकते हे कळते. एकदा हे कळले की आरशाचा धाक निम्मा होतो. म्हणून दहावीच्या वर्षात मुलींचा खेळ बंद करण्याची आपली रीत मला अभ्यासाच्या हिशेबानेही घाट्याची वाटते.

पुष्पगुच्छ कोण देणार?

मग करायचे काय? कायदे हवेत, जाहिरातींवर लगाम हवा, शाळेत लोहाच्या गोळीबरोबर चार समजुतीच्या गोष्टीही हव्यात. पण हा प्रश्न बव्हंशी आपल्या जिभेवर वसलेला आहे. ‘किती वाळलीस’, ‘किती सुटलीस’, ‘उन्हात जाऊ नको, काळी पडशील’ ही वाक्ये आपण सहज बोलतो, त्यांत वाईट हेतू नसतो आणि म्हणूनच ती खोल रुततात. घरात आई स्वतःच्या पोटाला रोज नावे ठेवत असेल, तर मुलीला वेगळी शिकवणी लागत नाही. वडील भावाच्या ताटात दुसरे अंडे वाढत असतील आणि मुलीला ‘तू डाएटवर आहेस ना’ म्हणत असतील, तर गरिबीतली जुनी विषमता सुबत्तेत नवे नाव घेऊन आली, इतकेच.

शाळेतही साध्या गोष्टी आहेत. त्या तपासणीच्या दिवशी जेवताना मैत्रिणीने शिक्षिकांना सहज विचारले, ‘‘स्नेहसंमेलनात पाहुण्यांना पुष्पगुच्छ द्यायला कोणत्या मुली निवडता?’’ बाई जरा थांबल्या. मग प्रांजळपणे म्हणाल्या, ‘‘चांगल्या दिसणाऱ्या.’’ पुढे स्वतःच म्हणाल्या, ‘‘म्हणजे गोऱ्या, उंच. खरं आहे. आणि वर्षानुवर्षं त्याच दोन-तीन घरांतल्या.’’ नृत्यात पुढच्या रांगेत कोण, मागच्या रांगेत कोण, याचीही मग उजळणी झाली. तीस वर्षे नोकरी केलेल्या त्या बाई, मुलींवर जीव असलेल्या. त्यांनाही हे कोणी कधी विचारले नव्हते.

पुढच्या वर्षी तपासणीला गेलो तेव्हा दोन बदल दिसले. काटा खोलीच्या कोपऱ्यात, पडद्याआड ठेवला होता. आकडा डॉक्टरांना आणि त्या मुलीला सोडून कोणाला दिसत नव्हता. दुसरा बदल बाईंनी सांगितला. पुष्पगुच्छ देणाऱ्या मुलीचे नाव आता चिठ्ठी टाकून काढतात. यंदा चिठ्ठी निघाली ती ३६ किलोच्या त्या मुलीची. आता ती दहावीत आहे, ३९ किलोची.

मी तिला विचारले, कसे वाटले? ती म्हणाली, ‘‘भीती वाटली. स्टेजवर मी किती बारीक दिसेन असं वाटलं.’’ मग थोड्या वेळाने रांगेतून वळून म्हणाली, ‘‘पण आईने कामावरच्या चारही घरी फोटो दाखवला.’’

हिमोग्लोबिन १०.६ निघाले. बारापर्यंत अजून जायचे आहे.